न विकलेल्या तेवीस बाहुल्या

नरू, तुझी कविता आज येऊन गेली. सकाळच्या गाडीनं आली, दुपारच्या गाडीनं परत गेली. तिला स्टेशनवर सोडून आल्यापासून मशीनवर एक ब्लाउज तसाच पडला आहे आणि मी तुझ्याशी बोलत बसले आहे. तुला जाऊन दोन महिने झाले. कसा गेलास, कोणत्या दवाखान्यात, किती वाजता, ते मी पुन्हा सांगणार नाही. तेरवीपर्यंत आल्यागेल्याला ते सांगून माझी जीभ झिजली. तू एवढंच ऐक, की ज्या भानगडीत मला अडकवून तू निघून गेलास, तिच्यातून मी आज बाहेर पडायला बघितलं. पडले की नाही ते तूच ठरव.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आमच्या घरात शिरलं की समोर जो दिवाण लागतो, त्याच्यावर गिऱ्हाइकं बसतात, ब्लाउजचं माप देतात, चहा पितात. आपण कशावर बसलो आहोत याची कोणाला कल्पना नाही. दिवाणाच्या पोटात वर दोन रजया, रजयांखाली डबे, आणि डब्यांत मोठ्या डोळ्यांची, निळ्या-गुलाबी केसांची, तलवारी उपसलेली तुझी जपानी मंडळी. टीव्हीवरची ती ॲनिमे कार्टुनं सगळी पोरं बघतात आणि मोठी झाली की विसरतात. तू पस्तिशी ओलांडलीस तरी विसरला नाहीस. तू त्यांना ‘फिगर’ म्हणायचास, कविता ‘बाहुल्या’ म्हणते. आई होती तोवर ‘नरूच्या मूर्त्या’ म्हणायची, आणि त्यांच्यापुढे हात जोडायचे की नाही हा पेच तिला शेवटपर्यंत सुटला नाही.

मला आधी तुझं हसू येतं, मग राग येतो. अर्जुनी मोरगावच्या बाजारात दुकानोदुकानी फिरून पतसंस्थेसाठी रोजची ठेव गोळा करणारा माणूस तू. पानठेल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या दारात उभं राहून “आजचे पन्नास?” म्हणणारा. माणूस आपणहून कधी बचत करत नाही, कोणीतरी दारात येऊन उभं राहावं लागतं, असं तू म्हणायचास. लोकांनाही तुझी सवय लागली होती. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तो चपलांचा दुकानदार गल्ल्यातून पन्नासाची नोट काढून तुझी वाट बघत होता, हे त्यानंच मला रडत रडत सांगितलं. पण तुझ्या स्वतःच्या दारात कोण उभं राहणार होतं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी तुला तोंडावर म्हटलेलं आहे. एकदा नाही, पन्नासदा.

तसा सुरुवातीला तू शहाण्यासारखा वागत होतास. पिहू झाली तेव्हा तूच नियम केलास: जेवढ्याची फिगर, तेवढे पैसे आधी पोरीच्या खात्यात. दोन हजारांची फिगर घ्यायची तर दोन हजार आधी पिहूचे. कविता खूश होती. नवऱ्यांना दारू असते, पत्ते असतात, माझ्याला बाहुल्या आहेत आणि त्याही पोरीच्या नावानं पैसे टाकून घेतलेल्या, असं ती माहेरी कौतुकानं सांगायची. पुढे तुझी ती बुकिंगं सुरू झाली. आज थोडे पैसे भरायचे, वस्तू वर्षा-दीड वर्षानं यायची आणि उरलेले पैसे तेव्हा द्यायचे. मी म्हणायचे, अरे, धान चार महिन्यांत घरात येतं, तुझ्या बाहुलीला जपानात एवढी कसली रोवणी लागते? तू हसायचास. पण एका बुकिंगवर दुसरं चढत गेलं आणि नियम पातळ होत गेला. सहा हजारांच्या वस्तूला तू घरी दोन हजारांची म्हणू लागलास, आणि पिहूच्या खात्यात दोनच पडू लागले.

मग डब्याच्या तळाशी कविताला बिल सापडलं. त्या दिवशी तुमच्याकडे काय झालं ते मी ऐकून आहे. तिनं भांडी आपटली नाहीत की माहेरी गेली नाही. पिहूला तुझ्या मांडीवर बसवलं आणि म्हणाली, “हिच्या डोक्यावर हात ठेवा न सांगा, की सगळ्या विकीन.” तू हात ठेवलास. ठेवला तेव्हा खरंच विकणार होतास, असं तू मला नंतर सांगितलंस, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. अजूनही ठेवते.

आठवड्यानं तू दोन पोती घेऊन माझ्या दारात उतरलास. पोत्यांच्या तोंडाशी लाखोळीची डाळ. तुझ्या भाऊजींनी विचारलं, एवढी लाखोळी कायले आणली? तू म्हणालास, स्वस्त भेटली. ते राईस मिलवर गेल्यावर तू पोती उपसलीस. डाळीच्या खाली तेवीस डबे, प्रत्येकाला तुझ्या जुन्या लुंगीचं कापड गुंडाळलेलं. घरी तू सांगितलं होतंस की नागपूरच्या एका माणसानं सगळ्या मिळून बेचाळीस हजारांना घेतल्या आणि तो पैसे हप्त्यानं देणार आहे. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता हप्ते कुठून आणशील? तू म्हणालास, “आणीन न, ताई. त्याची तू काळजी नोको करू.”

आणि आणलेस. धानाच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात, पतसंस्थेचं काम संपलं की काट्याजवळ उभा राहून तू पोत्यांची नोंद करू लागलास. दर महिन्याला नागपूरवाल्याचा हप्ता म्हणून तो पैसा कविताच्या हातात द्यायचास आणि ती तो पिहूच्या नावानं एफडीत टाकायची. सगळ्या जन्मात तुझी झाली नसेल तेवढी बचत त्या अकरा महिन्यांत झाली. तुला स्वतःचीच गंमत वाटायची. “खोटं बोललो म्हनून जमलं, ताई. खरं बोललो असतो त जमलं नसतं.” मला तेव्हा हसू आलं होतं, हे मी कबूल करते. तुझ्या पापात माझा वाटा तेवढ्या हसण्याचा तरी नक्की आहे.

महिन्यातून एकदा तू यायचास. पतसंस्थेचं गोंदियाला काम आहे म्हणून निघायचास आणि काम आटोपून माझ्याकडे. दिवाण उघडून खाली फरशीवर बसायचास. एकेक डबा काढून कोरड्या फडक्यानं पुसायचास, समोरच्या प्लास्टिकमधून आत बघायचास, पुन्हा ठेवून द्यायचास. डबा कधी उघडायचा नाहीस. मी मशीनवर, तू खाली, मध्ये चहा. लग्नानंतर आपण दोघं कधी तासभर असे एकत्र बसलो होतो का रे? राखीला यायचास ते पण पाव्हण्यासारखं, खाऊन निघून जायचास. त्या मेल्या बाहुल्यांमुळे मला माझा भाऊ महिन्याला एक तास मिळत होता. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुझ्यासमोर मी फक्त भांडत राहिले.

भांडण नेहमीचंच. “ताई, तुले नाही समजत. हा खर्च नाही होय, हे सेव्हिंग होय. डब्बा सील आहे तोवर भाव वाढतच राहते.”

“मंग विक न एक. दाखव मले वाढलेला भाव.”

“विकाची नाही न.”

“खेळाची नाही, उघडाची नाही, विकाची नाही. व्याज नाही भेटत न मजाही नाही भेटत. मंग ठेवली कायले?”

तू डबा पुसत राहायचास. एकदाच म्हणालास, “आपल्याजवळ आहे, हे मालूम राहते न, ताई.” मी म्हटलं, जवळ कुठे आहे, ती तर माझ्या बुडाखाली आहे. तू हसून पुढचा डबा घेतलास. आता वाटतं, तुझं ते एक वाक्य मी जरा नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

शेवटचा आलास तेव्हा तर मी फारच बोलले. सदतीस हजार झाले होते, पाच उरले होते. तू म्हणालास, पाच झाले की पिहूच्या वाढदिवसाला एफडीची पावती आणि या सगळ्या बाहुल्या एकदमच कविताच्या समोर ठेवीन, दोन्ही जमलं म्हणून दाखवीन. मला का कोण जाणे त्या दिवशी तिडीक आली. मी म्हटलं, “ती येडी आहे का रे? तिले आजच सांग. मी तुह्या खोट्याची चौकीदार नाही होय. पुढच्या वेळी येशीन त उचलून ने हे सगळं.” तू फडकं घडी करून ठेवलंस. चहा अर्धा सोडलास. माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं ते. पुढची वेळ आलीच नाही.

दहाव्याचं तर तुला काय सांगू. तलावाच्या पाळीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. अर्धा तास झाला, तास झाला. मग लोकांनी एकेक बोलायला सुरुवात केली. काका म्हणाले, पोरीचं शिक्षण आम्ही बघू. कावळा नाही. तुझे सासरे म्हणाले, कविताच्या शेताच्या वाट्याचं सरळ करून देऊ. कावळा नाही. भटजी घड्याळ बघू लागले. तेवढ्यात कविता उठली. डोक्यावरचा पदर खाली पडला त्याचंही तिला भान नव्हतं. सगळ्या गावासमोर ओरडून म्हणाली, “तुमच्या बाहुल्या मी परत आणीन! सगळ्याच्या सगळ्या आणीन! मोल पडन ते देईन!”

आणि कावळा उतरला, नरू. लगेच उतरला.

बाया रडल्या, माणसांनी हात जोडले. मी तिथेच, तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय बोलू? सगळ्या गावासमोर, तुझ्या पिंडापुढे, तुझ्या बायकोला सांगू की बाहुल्या विकल्याच नव्हत्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तो खोटं बोलला? घरी येताना मनात आलं, तो कावळा तुझा होता की नुसता भुकेला होता? तुझा असेल तर तू मला आणखी घट्ट बांधून गेलास.

तेरवी झाली तशी कविता मागे लागली. “ताई, तो नागपूरवाला तुमच्या ओळखीचा आहे, असं त्याईनं सांगितलं होतं न? त्याले फोन लावा न.” मी म्हटलं, लावते. तिनं हिशेबही करून ठेवला होता. “त्याच्याकडं आपले पाच हजार बाकी आहेत. ते नोको देऊ म्हनावं, त्याच्यात एक बाहुली दे.” बिनतोड होतं तिचं. मी दिवाणातून एक डबा काढला, लाल झग्याची ती धनुष्यवाली, आणि नागपूरहून आली म्हणून अर्जुनीला नेऊन दिली. तिनं डबा तुझ्या फोटोशेजारी ठेवला, हळद-कुंकू लावलं. मी तिथे बसून पोहे खाल्ले.

मला वाटलं, एकीवर तिचं समाधान होईल. नवस बोलून गेलं माणूस, रडण्याच्या भरात बोललं, हळूहळू विसरेल. तुझ्या बायकोला मी ओळखलंच नव्हतं.

आज ती आली तेव्हा मी दार उघडलं आणि आधी तिचे पायच बघितले. टाचा फुटलेल्या, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, हात पांढरेफटक. उन्हाळी धानाची रोवणी सुरू आहे ना तिकडे. थंडीच्या पाण्यात पंधरा दिवस लोकांच्या बांधीत वाकून ती रोवणी करून आली होती. लग्नानंतर तू तिला कधी मजुरीला जाऊ दिलं नव्हतंस. दिवाणावर बसली, कमरेची पिशवी सोडली आणि रुमालात बांधलेले पैसे माझ्या हातात ठेवले.

“अठ्ठावीसशे आहेत. एवढ्यात दोन लहान येतीन का, विचारा त्याले.”

मी रुमाल तिच्याच मांडीवर परत ठेवला.

“नाही म्हनन त पिहूची एफडी मोडतो मी. तसंही बावीस राहिल्या. मजुरीनं किती वर्ष लागतीन?” मग म्हणाली, “मी पिंडापुढं बोलली, ताई. त्याईचा जीव अडकून राह्यला असन त्याच्यात.”

तुझा जीव कुठे अडकला असेल मला माहीत नाही. माझा तिथे, त्या दिवाणावर अडकला होता. जी एफडी तू पोती मोजून मोजून उभी केलीस, ती मोडून ही बाई तिच्याच नवऱ्याच्या वस्तू माझ्याकडून विकत घेणार, आणि मी पैसे घेऊन नागपूरला फोन केल्याचं नाटक करणार. हे कुठवर? बावीस संपेपर्यंत? मी तिला म्हटलं, उठ जरा. ती उठली. मी रजया बाजूला केल्या आणि फळी वर उचलली.

ती वाकून एकेक डबा मोजू लागली. मी सगळं सांगत होते, लाखोळी, लुंगीचं कापड, संध्याकाळचं गोदामातलं काम, महिन्याचा तो एक तास, पाच हजार उरले होते ते, वाढदिवसाचं ते. मला वाटलं ओरडेल, मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“तुम्हाले सांगितलं,” ती म्हणाली. “मले नाही सांगितलं.”

मी म्हटलं, चूक त्याची आहे, माझी पण आहे. आता सगळ्या घेऊन जा. मी रिक्षा करते, गाडीत बसवून देते. तुझं वचन आजच पुरं होईल. ती फरशीवर बसली, बरोबर तू बसायचास तिथे, आणि मान हलवू लागली.

“नोको. एकदम बावीस घरी नेल्या त गाव म्हनन, नवरा मेला न हिच्याकडं एवढा पैसा कुठून आला? त्याईचं काम कशाचं होतं? लोकाइच्या पैशाचं. एका माणसानं तोंड काढलं, की त्याईनं पतसंस्थेतून खाल्ले असतीन, त संपलं. मेलेला माणूस जबाब द्याले येते का?”

मला हे सुचलंच नव्हतं. तुझं नाव त्या बाजारात एका पैशानं कधी मळलं नाही, आणि आता तुझ्या या बाहुल्याच ते मळवणार होत्या. कवितानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हंगामाला दोनच न्यायच्या. रोवणीला दोन, कापणीला दोन. गाव बघेल की बाई राबते आणि सोडवून आणते. रोवणीचे पैसे पिहूच्या खात्यात, आणि एफडीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, अगं, मग चिखलात तरी कशाला जातेस? ती म्हणाली, “नाही गेली त आणल्या कशा, ते का सांगू?”

म्हणजे मी सुटायला गेले आणि तिला आत घेतलं. काल एक जण दार लावून बसली होती, आज दोघी बसलो. अकरा हंगाम, नरू. मनातल्या मनात मोजले मी. पिहू तोवर तेराची होईल.

दोन डबे तिनं पिशवीत घातले, वर आंब्याच्या लोणच्याची बरणी ठेवली. स्टेशनवर बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. ती रुळांकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता बोलली.

“मंग संध्याकाळी उशीर होत होता तो ह्याच्यासाठी. गोदामात.”

“हो.”

“मले वाटे, पानठेल्यावर बसून राहते दोस्ताइसोबत. म्हनून मी थांबतच नव्हती. मी न पिहू जेवून घेऊ, त्याईचं ताट झाकून ठेवत होती. अकरा महिने मी त्याईले थंडा भात खाऊ घातला, ताई. एक दिवस चूल नाही पेटवली. ते बी काही नाही बोलले.”

आता रडली ती. तेरवीला रडली नव्हती तशी रडली. प्लॅटफॉर्मवरची माणसं बघत होती, बघू दे.

आपल्या घरी थंड भात समोर आला की तू ताट सरकवून द्यायचास. आईनं मारलं तरी खायचा नाहीस. भाताची वाफ निघाली पाहिजे, तेव्हा तू हात धुवायचास. हे आईला माहीत होतं आणि मला माहीत आहे. आज तुझ्याबद्दल एक खरं सांगून मी माझी सुटका करून घेतली होती आणि ते सगळं ओझं तिच्या डोक्यावर गेलं होतं. आणखी एक खरं मी तिला कसं देऊ?

मी तिचे ते फुटलेले हात हातात घेतले. म्हटलं, “येडी आहेस का? त्याले गरम भात कधी आवडलाच नाही. लहानपणापासून. आई ताट वाढून मुद्दाम थंडं करत ठेवे त्याच्यासाठी.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “खरंच, ताई?”

“खरंच.”